पत्र एक, वाचणारे अनेक

नालासोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. वाचून पाहता तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा असल्याचे उलगडले. पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावी नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. एके काळचे भरभराटीचे बंदर असलेल्या शूर्पारक नगरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचावेत म्हणून राजाने हे लेख कोरवून घेतले होते. गिरनारला, कालसीला, धौलीला याच लेखमालेच्या प्रती आहेत.

शिलालेख म्हणजे एका परीने राजाने प्रजेला धाडलेले पत्रच. पत्र एक आणि वाचणारे अनेक. पण त्यात एक शिस्त होती. लिहिण्याचा अधिकार एकट्या राजाचा. वाचण्याचा अधिकार सगळ्यांचा. आणि पुसण्याचा अधिकार कोणाचाच नाही. वाचणे, लिहिणे आणि पुसणे हे तीन अधिकार लक्षात ठेवा. आज ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे तिची सगळी गुंतागुंत या तीन शब्दांत आहे.

विषय आहे ई-मेलची सामाईक पेटी. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागात कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. असा एखादा गाळा घ्या. कंपनीचा ई-मेलचा पत्ता एकच असतो. तो मालक उघडतो, हिशेबनीस उघडतो आणि माल रवाना करणारा माणूसही उघडतो. विरार किंवा नालासोपाऱ्यातली गृहनिर्माण सोसायटी घ्या. तिथेही पत्ता एक आणि तो पाहणारे अध्यक्ष, सचिव, खजिनदार असे तिघे. अशा ठिकाणच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘काल आलेली ऑर्डर आज दिसत नाही.’ ‘मी उत्तर पाठवले होते, पण ते तुमच्याकडे कुठेच नाही.’ ‘मला वाटले तुम्ही वाचले, तुम्हाला वाटले मी वाचले.’ मग संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावतात. तो मेलचा प्रोग्रॅम काढतो, पुन्हा घालतो, पैसे घेऊन जातो. आठ दिवसांनी तीच रड पुन्हा सुरू.

आपल्याकडे म्हणच आहे, ‘भागीचे घोडे किवणाने मेले.’ घोड्याच्या जखमेत किडे पडले, पण दोन मालकांपैकी प्रत्येकाला वाटले की दुसरा औषध लावील. सामाईक पेटीचे हेच होते. पण प्रत्येक वेळी दोष माणसांच्या आळसाचा नसतो. पुष्कळदा तो पेटीच्या बनावटीतच असतो, आणि ती बनावट कोणी तरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी वेगळ्याच गरजेसाठी ठरवलेली असते. म्हणून दुरुस्तीच्या आधी थोडा इतिहास पाहू.

अनेकांनी मिळून एक टपाल सांभाळण्याचा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. मराठी राज्याच्या कारभारात तो रोजचा होता. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांची वसईची मोहीम चालली. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आला. या दोन वर्षांत पुणे आणि मोर्चे यांच्यामध्ये दारूगोळा, धान्य, पैसा, माणसे यांविषयी पत्रांचा सारखा राबता होता. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ च्या दरम्यान पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित करून प्रसिद्ध केले. त्यातला एक खंड वसईच्या मोहिमेलाच वाहिलेला आहे. दोनशे वर्षांनंतरही ती पत्रे वाचता आली, याचे श्रेय ती लिहिणाऱ्यांइतकेच ती जपून दप्तरात घालणाऱ्यांनाही आहे.

दप्तरात पत्र एकट्या माणसाचे राहत नसे. पत्रव्यवहार चिटणीस पाही, हिशेबाचा कागद फडणिसाकडे जाई, आणि एकदा दाखल झालेला कागद दप्तराचा होई. त्याच वळणाचा एक शब्द आपल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये अजून ऐकू येतो, तो म्हणजे बारनिशी. आवक बारनिशी, जावक बारनिशी. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, आणि तो कोणाच्या टेबलावर गेला याची नोंद. अर्ज देऊन आलेला माणूस आवक क्रमांक जपून ठेवतो, कारण त्या क्रमांकाने कागद शोधता येतो. संगणकाच्या सामाईक पेटीत नेमकी हीच सोय सुरुवातीला नव्हती.

पुढे सरकारी टपाल आले, आगगाडी आली. विरारहून मुंबईला जाणारी पहिली गाडी एप्रिल १८६७ मध्ये सुटली. टपालखात्याने एक वेगळी रीत घातली. पत्र घरी पोचले की खात्याची जबाबदारी संपली. घरात ते कोण उघडतो, कोण वाचतो, कोण फाडतो, हे घराने ठरवायचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांची ही युक्ती इतकी चोख, की पत्र देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून वसईच्या योग्य टपाल कचेरीत येऊन पडते. पण उंबऱ्याच्या आतले काम पिनकोड करू शकत नाही. ई-मेलचा पत्ताही तसाच. तो पत्र पेटीपर्यंत अचूक आणतो. पेटीभोवती चार माणसे उभी असतील तर पुढे काय, हे तो सांगत नाही.

आता संगणकाकडे वळू. १९६५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेकजण वाटून वापरत. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोन तरुणांनी त्यावर एकमेकांना निरोप ठेवण्याची सोय केली. निरोप ज्या फाइलमध्ये साठे तिचे नावच ‘मेल बॉक्स’ होते. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवला आणि पत्त्यात ‘@’ हे चिन्ह आणले. टॉमलिन्सन यांनी पुढे सांगून ठेवले आहे की ही पेटी म्हणजे एक साधी फाइल होती. तिच्यात विशेष काय, तर दुसऱ्याला तिच्या शेवटी नवा मजकूर जोडता येई, पण आधीचा मजकूर वाचता किंवा खोडता येत नसे. म्हणजे पहिल्या पेटीतही वाचणे, लिहिणे, पुसणे यांची वाटणी नीट केलेली होती. मात्र मालक एकच गृहीत धरलेला होता. त्या पेटीत दोन मालकांना जागा नव्हती.

ऐंशीच्या दशकात छोटे संगणक टेबलावर आले. ते दिवसभर चालू नसत आणि जाळ्याला कायम जोडलेलेही नसत. मग त्यांचे टपाल ठेवायचे कुठे? याची दोन उत्तरे निघाली. पहिले उत्तर १९८४ चे. त्याला ‘पॉप’ म्हणतात, आणि त्याची तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये आली. पॉपची रीत टपाल कचेरीत जाऊन पत्रे घेऊन येणाऱ्या माणसासारखी आहे. फोन जोडायचा, साठलेली पत्रे आपल्या संगणकावर उतरवायची, कचेरीतली पेटी रिकामी करायची आणि फोन ठेवायचा.

दुसरे उत्तर १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी दिले. त्याचे नाव ‘आयमॅप’. त्यांचे म्हणणे असे, की पत्रे कचेरीतच राहू द्या. माणसाने कुठल्याही संगणकावरून यावे, तिथेच वाचावे, तिथेच वेगवेगळ्या कप्प्यांत लावावे. वाचल्याची खूणसुद्धा तिथेच राहावी. ही कचेरी म्हणजे आपण ज्याला सर्व्हर म्हणतो तो सदैव जागा असलेला संगणक. पॉपमध्ये पत्र घरी येते. आयमॅपमध्ये पत्र दप्तरात राहते. क्रिस्पिन २०१२ मध्ये वारले, पण आपल्या फोनवर आणि संगणकावर एकच पत्र एकाच वेळी दिसते, त्यामागे त्यांनी घातलेली हीच रीत आहे.

मग आपल्याकडे आधी कोणती रीत रुजली? पहिली, आणि त्याला सबळ कारण होते. भारतात ई-मेलची पायवाट संशोधन संस्थांनी पाडली. ‘अर्नेट’ या प्रकल्पात जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीचा आणि तिथल्या डॉ. एस. रमाणी यांचा मोठा वाटा होता. १९८९ मध्ये भारताच्या पत्त्यांना ‘डॉट इन’ ही शेपटी मिळाली. सामान्य माणसाला मात्र इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. जोडणी टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या किंचाळण्यातून होई. तासांवर पैसे लागत, शिवाय टेलिफोनचे बिल वेगळे. अशा वेळी जोडणी चालू ठेवून निवांत पत्रे वाचत बसणे कोणाला परवडणार? पत्रे खेचून घ्यायची, फोन ठेवायचा आणि मग वाचायचे, हीच शहाणपणाची रीत होती. सर्व्हरवरची पेटी पण केवढी, तर काही एमबींची. ती रिकामी केली नाही तर नवे पत्र परत जायचे.

वसई-विरारला आणखी एक अडचण होती. वसईची खाडी ओलांडून नायगावला आलो, की महानगर टेलिफोन निगमची हद्द संपे. मुंबईचा कोड ०२२, इथला ०२५०. पलीकडच्या माणसाला रोज लोकलने गाठता येई, पण टेलिफोनच्या हिशेबात तो परगावचा. त्यामुळे पत्रे झटपट उतरवून घेण्याची सवय इथे अधिकच पक्की झाली असणार, हे ताडायला ज्योतिषी नको.

त्याच सुमारास, १९९७ मध्ये, ‘आऊटलूक एक्स्प्रेस’ हा मेलचा प्रोग्रॅम आला आणि विंडोजबरोबर घरोघर पोचला. पत्ता घातला, पासवर्ड घातला, ‘सेंड अँड रिसीव्ह’चे बटण दाबले की पत्रे संगणकात. त्याच्या सेटिंगमध्ये आत कुठे तरी एक चौकोन असे, ‘पत्राची प्रत सर्व्हरवर ठेवा’ अशा अर्थाचा. मुळात त्यावर खूण नसे. एकटा माणूस एकाच संगणकावर काम करी तोवर त्या चौकोनाकडे बघायचे कारणच नव्हते.

पण गाळ्यातला व्याप वाढला, दुसरा संगणक आला. मालकाने घरच्या संगणकावरही तोच पत्ता घातला. आता काय होई, पाहा. सकाळी दहाला हिशेबनीस पत्रे उतरवून घेई. पेटी रिकामी. अकराला मालक उघडे, तर पत्र नाही. रात्री मालकाने घरी उतरवलेली पत्रे दुसऱ्या दिवशी गाळ्यात नाहीत. पत्र हरवलेले नसे, पण ते कोणाच्या संगणकात आहे हे कोणालाच ठाऊक नसे. प्रोग्रॅम बिघडला म्हणावे तर तो आपले काम चोख करत होता. टपाल कचेरीतून आधी गेलेल्याला त्याने सगळी पत्रे दिली, एवढेच. पुढे २००५ मध्ये भारत संचार निगमने ब्रॉडबँड सेवा आणली, कायम जोडलेले इंटरनेट हळूहळू परवडू लागले, आणि पॉपमागचे मूळ कारण संपले. पण सेटिंग तेच राहिले. संगणक बदलले, तरी नव्या संगणकावर जुन्याचीच नक्कल उतरवली गेली.

सामाईक पेटीचा खरा विचार आयमॅपच्या वाटेने झाला. १९९७ मध्ये आयमॅपला एक पुरवणी जोडली गेली आणि २००५ मध्ये ती सुधारली. त्या पुरवणीत पेटीवरच्या अधिकारांची यादीच आहे. पेटी यादीत दिसणे हा एक अधिकार. तिच्यातली पत्रे वाचणे हा दुसरा. वाचल्याची खूण टिकवणे तिसरा. नवे पत्र आत ठेवणे वेगळा, पुसण्यासाठी खूण करणे वेगळा, ती कायमची पुसणे वेगळा. आणि हे सगळे अधिकार दुसऱ्याला वाटण्याचा अधिकार सर्वांत शेवटी, कारभाऱ्याचा. कंपन्यांसाठी मायक्रोसॉफ्टने काढलेल्या एक्स्चेंज या व्यवस्थेतही सामाईक पेटीवर असेच वेगवेगळे अधिकार देता येतात. प्रत्येक माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पासवर्डने आत येतो आणि त्याला जेवढा अधिकार दिला आहे तेवढेच करतो.

इतिहास हातात आला, की तक्रारीकडे बघण्याची दृष्टी बदलते. ‘प्रोग्रॅम चालत नाही’ म्हणण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा. पत्र या घटकेला कुठे आहे? याची परीक्षा सोपी आहे. मेलचा प्रोग्रॅम बाजूला ठेवा, ब्राउझर उघडा आणि त्यातून पेटीत शिरा. पत्र तिथे दिसत असेल तर सर्व्हरवर ते सुखरूप आहे, खोट आपल्या संगणकातल्या प्रोग्रॅमची. तिथेही नसेल तर कोणी तरी ते उचलून नेले आहे किंवा पुसले आहे. मग आधी कचऱ्याची टोपली आणि स्पॅमचा कप्पा पाहायचा. त्यानंतर ज्या ज्या संगणकावर आणि फोनवर हा पत्ता घातलेला आहे, त्यांची यादी करायची आणि त्यांत पॉपवर चालणारा कोणता ते शोधायचे. अशा शोधात पुष्कळदा कोपऱ्यातला एखादा जुना संगणक सापडतो, जो रोज सकाळी चालू होतो आणि निमूटपणे सगळी पत्रे पोटात घेतो.

दुसरी तक्रार उत्तर न दिसण्याची. तुम्ही सामाईक पत्त्यावरून उत्तर पाठवता, पण त्याची प्रत तुमच्या स्वतःच्या ‘पाठवलेली पत्रे’ या कप्प्यात जाऊन पडते. सहकाऱ्याला वाटते उत्तर गेलेच नाही, तो पुन्हा उत्तर लिहितो आणि ग्राहकाला दोन वेगवेगळे भाव कळतात. एक्स्चेंजच्या सामाईक पेटीत हेच मुळातले वर्तन आहे. प्रत सामाईक पेटीत ठेवण्याची कळ व्यवस्थापकाला वेगळी चालू करावी लागते. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पाठवलेल्या पत्राची प्रत कोणत्या कप्प्यात जावी हे खात्याच्या सेटिंगमध्ये निवडता येते. तिथे सर्व्हरवरचा कप्पा निवडलेला आहे ना, एवढे पाहायचे. जुन्या पद्धतीच्या आऊटलूकमध्ये पुसलेल्या पत्राचेही असेच होते. ते पुसणाऱ्याच्या स्वतःच्या टोपलीत जाते आणि बाकीचे सामाईक टोपलीत शोधत बसतात.

तिसरी तक्रार कप्पा न दिसण्याची. इथे दोन कारणे असू शकतात. एक तर तुम्हाला तो पाहण्याचा अधिकारच दिलेला नाही, किंवा अधिकार आहे पण तुमच्या प्रोग्रॅमने तो कप्पा आपल्या यादीत घेतलेला नाही. आयमॅपमध्ये कप्प्याची वर्गणी भरावी लागते. पैशांची नव्हे, नुसती खूण करण्याची. थंडरबर्डमध्ये खात्यावर उजवे बटण दाबले की ‘सबस्क्राइब’ हा पर्याय मिळतो. अधिकार नुकताच दिला असेल तर तो सर्वत्र पोचायला थोडा वेळ लागतो. तासाभराने पुन्हा पाहावे, लगेच सगळे उचकटू नये.

चौथी तक्रार मोठी मजेची. तिघांचे चालते, चौथ्याचे चालत नाही. जी-मेलच्या एका खात्याला आयमॅपने एका वेळी पंधरा जोडण्यांची मुभा आहे. थंडरबर्ड मुळात एका खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या उघडतो. तीन संगणक चालू झाले, पाच त्रिक पंधरा. चौथ्याला दार बंद. हा बिचारा आपला पासवर्ड पुन्हा पुन्हा घालत बसतो. उपाय एवढाच, की प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जोडण्यांचा आकडा पाचावरून दोन-तीनवर आणायचा.

पाचवी तक्रार पासवर्डची. पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही. २०२२ मध्ये गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी आणि मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या मेलसेवेसाठी नुसता पासवर्ड घेऊन येणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना दार बंद करायला सुरुवात केली. आता प्रोग्रॅमला परवान्याच्या नव्या पद्धतीने यावे लागते. ज्या जुन्या प्रोग्रॅमला ही पद्धत येत नाही, त्यासाठी रात्रभर खटपट करून उपयोग नाही. तो बदलावा. आणि कधी कधी कारण याहून साधे असते. एकच पासवर्ड चौघांत वाटलेला असतो, एकाने तो बदलला आणि उरलेल्या तिघांना सांगायचे विसरला.

शेवटची तक्रार, प्रोग्रॅम जड झाला, अडकतो. आऊटलूक एक्स्प्रेस एका कप्प्याची सगळी पत्रे एकाच फाइलमध्ये ठेवी आणि ती दोन जीबीपर्यंत फुगली की घात होई. आऊटलूकच्या जुन्या आवृत्त्यांतही संपूर्ण दप्तराला दोन जीबीचीच मर्यादा होती. २००३ च्या आवृत्तीत ती वीस आणि २०१० च्या आवृत्तीत पन्नास जीबी झाली. अशा जुन्या फाइली अजून कुठे कुठे कपाटातल्या संगणकांत पडून आहेत. त्यांना हात लावण्यापूर्वी आधी प्रत काढावी. आयमॅप असेल तर भीती कमी. थंडरबर्डमध्ये कप्प्याच्या गुणधर्मांत ‘रिपेअर फोल्डर’ आहे. तो संगणकातली यादी टाकून देतो आणि सर्व्हरवरून नवी आणतो. पॉपवाल्या खात्यात मात्र पत्रांची एकुलती एक प्रत त्या संगणकातच असते. तिथे धांदल केली तर पत्रे जायची ती कायमची.

आता ‘मला वाटले तुम्ही वाचले’ या तक्रारीविषयी. तिच्यावर कोणत्याही प्रोग्रॅममध्ये बटण नाही. एकाने पत्र उघडले की पुष्कळ ठिकाणी सर्वांच्याच पडद्यावर त्याची ठळक अक्षरे बारीक होतात. बारीक अक्षर म्हणजे काम झाले, असा समज होतो, आणि घोडे किवणाने मरते. इथे बारनिशीच हवी. प्रत्येकाच्या नावाचा एक कप्पा करा. पत्र आले की एका ठरलेल्या माणसाने ते ज्याचे काम त्याच्या कप्प्यात टाकावे. उत्तर गेले की ‘निकाली’ नावाच्या कप्प्यात. सकाळी उठून मुख्य पेटी पाहिली की कोणाकडे न गेलेले काय उरले आहे, हे एका नजरेत कळते.

एवढा खटाटोप एका पेटीसाठी कशाला, असे कोणी विचारील. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली. इथल्या वस्तीचा मोठा भाग गृहनिर्माण सोसायट्यांत राहतो. सोसायटीचे बिल्डरशी झालेले बोलणे, अभिहस्तांतरणाचा पत्रव्यवहार, पाण्याच्या जोडणीचे अर्ज, मालमत्ता कराच्या नोटिसा, लिफ्टच्या दुरुस्तीचे करार, हे सगळे आता ई-मेलवर येते. पाच वर्षांनी समिती बदलते. जुने सचिव फायली आणि शिक्के नव्या सचिवांच्या हवाली करतात. पण ई-मेल त्यांच्या घरच्या संगणकात पॉपने उतरलेली असेल तर? किंवा पत्ता त्यांच्याच नावाचा आणि फोन नंबरही त्यांचाच जोडलेला असेल तर? त्यांचा हेतू वाईट असायला नको. ते घर विकून दुसऱ्या गावी गेले, संगणक भंगारात दिला, एवढे पुरे. शंभर कुटुंबांनी बिल्डरकडून लेखी मिळवलेले आश्वासन त्या संगणकाबरोबर भंगारात जाते. उद्या कोर्टात किंवा निबंधकांपुढे उभे राहायची वेळ आली, की हातात काही नसते.

म्हणून पत्ता संस्थेच्या नावाने असावा. तो आयमॅपने जोडलेला असावा. शक्य असेल तिथे प्रत्येकाला वेगळे प्रवेशनाव आणि त्याच्या कामापुरते अधिकार असावेत, आणि कायमचे पुसण्याचा अधिकार एखाद्याच जबाबदार माणसाकडे असावा. वर्षातून एकदा साऱ्या पत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कचेरीच्या कपाटात ठेवावी. समिती बदलताना कार्यभाराच्या यादीत शिक्का, चेकबुक, सभासद नोंदवही यांच्याखाली आणखी एक ओळ लिहावी, ‘ई-मेलची पेटी’. तिच्यापुढे पत्ता, अधिकार कोणाकोणाला दिले आहेत त्यांची नावे, आणि जोडलेला फोन नंबर बदलल्याची तारीख. खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये. नव्या सचिवांनी तो त्याच बैठकीत, सर्वांसमक्ष बदलून घ्यावा.